कातऱ्याचे पुढचे भाग

१

दुपारची भाकरी पोटात गेली की शहाणा माणूस आडवा होतो. मी चौथीत दोनदा बसलेला, त्यामुळं मी तीनच्या शोला जायचो.

न्हावऱ्याच्या एसटी स्टँडमागं मच्छिंद्रचं व्हिडिओ सेंटर होतं. आधी ते खताचं गोदाम. मच्छिंद्रनं खिडक्यांना काळं प्लास्टिक ठोकलं, शाळेनं टाकून दिलेली बाकडी आणली, टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर मांडला, झालं थेटर. आत युरियाचा वास डोळ्यांत चढायचा. पिक्चर संपल्यावर बाया पदरानं डोळे पुसत म्हणायच्या, "काय रडवलं वं." मी म्हणायचो, "मावशे, त्यो हिरो न्हाई, युरिया व्हता."

साल सत्त्याण्णव असावं. माझी जागा खांबाशेजारी, आणि माझ्या डाव्या हाताला बाळासो. बाळासो म्हणजे बागायतदार, सोसायटीचा माजी संचालक, कडक टोपी. आम्ही मेंढरांमागची माणसं. माझ्या बापानं निम्मी मेंढरं विकून गावात चार एकर घेतली, मला शाळेत घातलं, आणि तिथं हा बाळ्या भेटला. तेव्हापासून मी खोड्या काढायच्या आणि त्यानं त्यात पडायचं. एका वर्षी मी त्याला कारखान्याची ऊसतोडीची खोटी चिठ्ठी धाडली. टोळी येणार म्हणून ह्यानं वीस माणसांचं पिठलं रांधून ठेवलं. टोळी नाही आली. ते पिठलं आम्ही दोघांनी तीन दिवस खाल्लं.

तर ह्या सेंटरात मी कातऱ्याचा पहिला भाग पाहिला. अकरा वेळा.

२

पिक्चर परदेशातला, पण माणसं हिंदीत बोलायची. पोस्टरवर नाव काय होतं देव जाणे, आम्ही कातऱ्याच म्हणायचो. थंडीचा मुलूख, लांबच लांब कुरणं, आणि एक माणूस मेंढ्या कातरायची कातर घेऊन फिरतो. तोंडाला ओल्या लोकरीचं फडकं. तो मेंढ्या कातरत नाही, एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं तुम्हाला कळलं.

गाव पहिल्या भागाला रक्तासाठी जायचं. मी जायचो त्याच्या हातासाठी. मी स्वतः बारा वर्षांचा असताना कातर धरली. अंगठा आत दुमडायचा, पातं कातड्याला चिकटून न्यायचं, आणि घाई करायची नाही. त्या माणसाला घाई नव्हती. अख्ख्या पिक्चरमध्ये तो चारदा दिसायचा. पण जेव्हा दिसायचा तेव्हा आधी समोरच्याचे केस कातरायचा, सावकाश, मानेकडून वर. चर्रक. चर्रक. मी बाळ्याला म्हणालो, "ह्यो नट न्हाई. ह्यो आपल्या धंद्यातला माणूस हाय."

मग आले पुढचे भाग.

दुसऱ्या भागात माणूस बदलला. त्यानं कातर धरली शिंप्यासारखी, अंगठा बाहेर. वाटलं, आता हा गिऱ्हाइकाला मापाला उभं करतो. तिसऱ्या भागात कातऱ्या पळायला लागला. अरे, मेंढरामागं पळतो तो मेंढपाळ कसला? चौथ्यात तर कहर. त्याला आई दिली, आणि लहानपणी तो कसा रडायचा ते पाऊण तास सांगितलं. तो स्वतःच हुंदके देत सांगत होता. मी बाकड्यावर उभा राहून म्हणालो, "मच्छिंद्रा, ह्याला भाकरी वाढ रे, म्हंजी गप बसंल."

सगळं सेंटर हसलं. मला तेच हवं होतं.

मग माझी सवयच झाली. भाग दोन-तीन-चार लागले की मी पडद्याशी बोलायचो, म्हणजे टीव्हीशी. "अंगठा आत." "पळू नगंस, त्यांनाच दमू दे." "बोलू नगंस. ऐक." लोक पिक्चरपेक्षा मला ऐकायला यायचे. एकदा तर मी घरनं बापाची कातर आणून टेबलामागं लपलो आणि बरोबर प्रसंगाला उठून उभा राहिलो. पोपटराव, जे सरपंचकीला उभे होते, ते असे पळाले की त्यांची एक चप्पल अजून माझ्या माळ्यावर आहे. मागायला येत नाहीत.

आणि एकदा मी हाळी दिली.

प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी. माझ्या बापाची म्हणजे जीभ टाळूला लावून दोन तोडे, म्हणजे तुटक आवाज, मग एक लांब, आणि शेवटाला खाली उतरणारी ओढ. ती ओढ आली की मेंढरू चरायचं सोडून येतं. अर्ध्यावर तोडली तर नुसती मान वर करून उभं राहतं. बाळ्याला मी लहानपणापासून हीच हाळी देऊन बोलावतो. बांधावरनं दिली की हा ऊस सोडून यायचा, बायको शिव्या द्यायची. त्या दिवशी तिसऱ्या भागात कातऱ्या कुरणात पळत सुटला तेव्हा मी ओरडलो, "आरं पळतुयास काय, हाळी दे, आपसूक येत्यात." आणि देऊन दाखवली. दोन तोडे, एक लांब, पण तेवढ्यात बाळ्या खरोखरच झोपेतनं दचकून उठला, "काय रं हऱ्या?" म्हणाला, आणि मला हसू फुटलं. ओढ राहून गेली.

ती राहून गेली म्हणून मी आज लिहायला बसलोय.

३

होळीच्या आधी मच्छिंद्रनं दुसरा भाग परत लावला. नवं काही मिळालं नव्हतं.

मी बाह्या सरसावून बसलो. कातऱ्या गोठ्याच्या दारात आला, कातर वर केली. मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

अंगठा आत होता.

मी चष्मा पुसला. माणूस तोच, मागल्या खेपेचा जाडा, शिंपी. पण हात शिंप्याचा नव्हता. पातं कातड्याला चिकटून, मानेकडून वर. चर्रक.

शो सुटल्यावर मच्छिंद्रला धरलं. "कॅसेट बदललीस?"

"न्हाई वं आबा. तीच हाय. ह्ये बघा, लेबल माझ्याच अक्षरात."

"दुसऱ्या भागाची दुसरी प्रत असंल."

"आबा, दौंडच्या लायब्ररीत एकच हाय. उंदरानं कुरतडलेला कोपरा बी तोच हाय की."

मी घरी आलो आणि स्वतःलाच समजावलं. माणूस साठीकडं आला की आठवण आटते. मी तेव्हा हसवण्याच्या नादात होतो, नीट पाहिलंच नसणार. हे पटलं. चार दिवस पटलं.

मग तिसरा भाग लागला आणि त्यात तो पळाला नाही. कुरण तेच, ओरडणारी बाई तीच, पण हा चालत होता. ती पळून दमली, कुंपणाला टेकली, आणि हा चालत तिच्यापाशी पोचला. सेंटरात कुणी हसलं नाही, कारण मी काही बोललो नव्हतो. मी बाळ्याला कोपरखळी दिली. "मागल्या टायमाला ह्यो पळत व्हता का न्हाई?"

बाळ्या जांभई देत म्हणाला, "मला तर सगळं भाग सारखंच दिसत्यात."

चौथ्या भागाला मी मुद्दाम दारापाशी बसलो. आईचा प्रसंग आला. आई बोलत होती. कातऱ्याच्या तोंडून शब्द नाही, हुंदका नाही. तो ऐकत होता. मान जराशी तिरपी, बहिरा माणूस चांगला कान पुढं करतो तशी. पण आई त्याच्या उजव्या अंगाला उभी होती आणि कान त्यानं केला होता आमच्याकडं.

४

बानूबाई, म्हणजे माझी बायको, भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमचं ऐकणारा जगात एक तरी निघाला."

बाळ्याला सांगायला त्याच्या मळ्यात गेलो. तो मोटरीपाशी बसला होता. मी म्हणालो, "बाळ्या, आता सेंटरात जायचं न्हाई. निदान तू तरी जाऊ नगंस."

"का रं?"

"म्या पिक्चरमंदी जे जे बोललो ते त्यो शिकलाय. आन् म्या तुझी हाळी बी दिलीया तिथं."

बाळ्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग त्याची मिशी हलायला लागली. "पिठल्यापेक्षा भारी हाय ही," तो म्हणाला. "ह्या खेपेला किती मानसं जेवायला घालू?"

मी शपथ घातली. त्यानं टोपी काढून डोळे पुसले, इतका हसला. मग म्हणाला, "हऱ्या, पंचेचाळीस वर्सं तुझं खरं मानून फसलो. आता एकदा खोटं मानतो, बघू काय हुतंय."

बांधावरनं परत येताना मला माझाच राग आला. दोष कुणाला देणार? ज्या माणसाला मी वाचवायला गेलो होतो, त्याला माझ्यावर विश्वास न ठेवायला मीच शिकवलं होतं, आणि शिकवणी चांगली झाली होती.

५

पाचवा भाग मच्छिंद्रनं दौंडहून आणला, चैत्रात. कॅसेटवर लेबल नव्हतं. लायब्ररीवाला म्हणाला म्हणे, माझ्या रजिस्टरला नाही, पण तुमच्या पिशवीत आहे म्हणजे असंल.

मी जाणार नव्हतो. पण पावणेतीनला पाहिलं तर बाळ्या कडक टोपी घालून स्टँडाकडं निघालेला. मग गेलो. तंबाखूचा मोठा बार भरून ओठ दाबले, म्हणजे बोलायचीच सोय नको.

आत नऊ-दहा माणसं. बाहेर रणरणतं ऊन, प्लास्टिकला पडलेल्या भोकांतनं उन्हाच्या काड्या आत आलेल्या.

पिक्चरला नावं नव्हती, गाणं नव्हतं. एक कुरण. कुरणात खुंट ठोकून जाळी लावलेली, आम्ही मेंढरं कोंडायला वाघर लावतो तशी. परदेशात अशी जाळी लावत असतील, मी मनाशी म्हणालो. माणसाला काय, कुठंही सुचतं. वाघर रिकामी होती, आणि एका बाजूनं उघडी. बराच वेळ एवढंच. पोपटराव मागनं म्हणाले, "मच्छिंद्रा, अडकली का रं?"

मग कातऱ्या आला. पहिल्या भागातला, खरा. तो वाघरीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली.

दोन तोडे, एक लांब. ओढ नाही.

माझ्या डाव्या हाताचं बाकडं हललं. बाळ्या उठला होता.

मी त्याचा सदरा धरला. बाळ्या वजनानं माझ्या दुप्पट. तो ओढत नव्हता, नुसता चालत होता, आणि सदरा माझ्या मुठीतनं आपोआप सुटत गेला. बाकड्यांमधल्या वाटेनं तो टीव्हीकडं निघाला. मी तंबाखू थुंकून ओरडलो, "धरा त्याला."

सगळं सेंटर हसायला लागलं.

"आज आबांनी बाळासोंना बी सामील केलंय," मच्छिंद्र म्हणाला. पोपटराव तर टाळ्या वाजवत होते. एकही माणूस जागचा उठला नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर बसूनच हसलो असतो.

अर्ध्या वाटेत बाळ्या थांबला. हाळी अर्धीच होती ना. तो मान वर करून उभा राहिला, तसाच. माझ्या जिवात जीव आला. मनाशी म्हणालो, कातऱ्याला ओढ ठाऊक नाही. बाळ्या पुढं जात नाही. मी गप बसलो की झालं. दात दातांवर दाबून ठेवले.

टीव्हीत कातऱ्यानंही मान वळवली. बाळ्याकडं नाही. खांबाकडं, माझ्या जागेकडं. त्यानं कातर वर केली आणि मला दिसेल अशी धरली. उलटी. शिंप्यासारखी, अंगठा बाहेर. पहिल्या भागातला तो माणूस, ज्याचा हात मी अकरा वेळा पाहिला होता, त्यानं ती चुकीची धरली आणि थांबला. त्याला घाई नव्हती.

मला कळलं होतं. मला सगळं कळलं होतं. तुम्हाला वाटेल भीतीनं तोंडातनं निघालं. नाही. तसं काम डोळ्यांदेखत बिघडलेलं मला पाहवत नाही, एवढंच.

"अंगठा आत घे की," मी म्हणालो.

वीज गेली.

टीव्ही मिटला. पंखा फिरत फिरत थांबला. हसणं अजून चालू होतं, आणि हसण्याच्या खालून मला ऐकू आलं. सावकाश, मानेकडून वर. चर्रक. चर्रक. चर्रक.

मच्छिंद्रनं दार उघडलं तेव्हा ऊन एकदम आत शिरलं. बाळ्या पहिल्या बाकड्यावर बसला होता, हात मांडीवर. टोपी शेजारी नीट ठेवलेली. डोकं भुंडं, कुठं ओरखडा नाही. असं साफ कातरायला माणसाला तीस वर्षं लागतात. खाली फरशीवर केसांचा एक अख्खा पुंजका, मेंढीची लोकर उतरते तसा एका तुकड्यात.

आणि मानेवर, चार बोटं रुंद, केस तसेच ठेवलेले.

६

हे चार बोटांचं मी सेंटरात कधी बोललो नव्हतो. बानूबाईलासुद्धा ठाऊक नाही. ती आमच्या घरातली रीत. कळप कातरायला बसलं की पहिल्या मेंढीच्या मानेवर चार बोटं लोकर ठेवायची. कळप पुरा झाला की शेवटी तिच्याकडं परत यायचं आणि तेवढं कातरायचं. म्हणजे ती खूण असते. अजून बाकी आहेत, अशी.

गावानं अर्थातच मला धरलं. हाळी माझी, कातर माझी, खोड माझी. मी धावत घरी जाऊन माळ्यावर चढलो. कातर फडक्यात गुंडाळलेली, तेल लावलेली, दोऱ्याची गाठ माझीच. पण ती माझ्याच घरात होती. ती दाखवून कुणाला काय पटणार?

बाळ्या बोलला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. पुण्याला नेला, डॉक्टर म्हणाले डोकं ठीक आहे, धक्का बसलाय. वाढलं की जेवतो. उठ म्हटलं की उठतो. कुणीही म्हणू दे.

झुंबरबाई, त्याची बायको, दोन महिन्यांनी माझ्या दारात आली. ओसरीवर बसली, पाणी घेतलं, आणि हळूच म्हणाली, "भावजी, लई झालं आता. हसून झालं सगळ्यांचं. त्यांना सांगा की बोलायला. तुमचंच ऐकत्यात."

तिला वाटत होतं, आम्ही दोघं अजून खोडीतच आहोत. मी तिला नाही म्हणालो नाही. "बघतो वयनी," म्हणालो.

७

सेंटर त्याच साली बंद झालं. मच्छिंद्र केबलची वायर ओढायला लागला. तो पाचवा भाग त्यानं परत करायला नेला, तर लायब्ररीवाला म्हणाला, माझा नाही. मग त्यानं तो नदीत टाकला म्हणे. पुढं शिरूरच्या बाजारात सीड्या आल्या, एकदा गाड्यावर मला लांबनं तोंडाला फडकं बांधलेलं चित्र दिसलं. कितवा भाग ते वाचायला मी जवळ गेलो नाही.

आता रोज तीनला मी बाळ्याच्या ओसरीवर जातो. त्याच्या उजव्या हाताला बसतो, सेंटरात बसायचो तसा. न्हावी आला की मी समोर उभा राहतो, मानेवरच्या केसांना हात लावू देत नाही. झुंबरबाई म्हणते, "भावजी, कसं दिसतंय ते." मी म्हणतो, "राहू द्या."

आणि मी नावं ठेवायची सोडली. गावाला वाटतं म्हातारा निवला. भाजी आळणी असली तरी मी छान म्हणतो. कुणी पिक्चरची गोष्ट काढली तर मोठ्यानं म्हणतो, दुसरा भाग चांगला, तिसरा चांगला, चौथा तर पहिल्याहून चांगला, कुठं काही कमी नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणतो. कोण ऐकत असेल तर ऐकू दे.

मागल्या मंगळवारी मी तिथून घरी निघालो होतो. पाठमोरा होतो, एक पाय चपलेत. मागनं हाळी आली.

दोन तोडे, एक लांब. माझ्या बापाची, जिभेच्या त्याच जागेवरनं. साडेचार वर्षांत बाळ्यानं काढलेला पहिला आवाज.

झुंबरबाई आतनं धावत आली. पदरात तोंड घालून रडायलाच लागली, "बोललं, भावजी, बोललं." आणि मी पाहिलं तर मी अंगणात नव्हतोच. मी ओसरीवर परत चढलेलो, चप्पल खाली राहिलेली, आणि मान वर करून उभा होतो. कधी वळलो, आठवत नाही.

बाळ्या माझ्याकडं पाहत होता. मान जराशी तिरपी.

ओढ नव्हती त्यात. शेवटाला खाली उतरायला हवं, ते त्यानं केलं नाही. तो थांबला होता. त्याला घाई नव्हती.

"छान," मी म्हणालो. "बाळ्या, अगदी बराबर हाय. काय बी ऱ्हायलं न्हाई."

तो रोज देतो आता, तीन वाजता. रोज तेवढीच. झुंबरबाई म्हणते, "तुम्ही शिकवा की पुढचं, तुम्हाला येतंय." जीभ टाळूला लागलेली असते माझी. मी छान म्हणतो.